मोगऱ्याच्या वाफ्यातला धमासा

आईचे गुडघे गेले ते वर्ष मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी मी एम.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं आणि कुणी न विचारता स्वतःला शास्त्रज्ञ समजायला लागले. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमची वाडी वसईच्या किनाऱ्याकडची. केळी, नारळ आणि थोडी पानवेल, हा सगळा बाबांचा कारभार. विहिरीमागचे मोगऱ्याचे चार वाफे तेवढे आईचे. लग्न होऊन आली तेव्हा माहेरहून ओल्या फडक्यात गुंडाळून चार काड्या आणल्या होत्या, त्यांचा हा विस्तार. कळ्या ती स्वतः खुडायची, करंडीत भरून ओलं फडकं टाकायची आणि फुलवाल्याकडे द्यायची. त्या वाफ्यांत बाबांनाही विचारल्याशिवाय पाय टाकता येत नसे.

मोगऱ्याला खुरपणी लागते. खुरपणी म्हणजे उकिडवं बसून पुढं पुढं सरकत जाणं. डॉक्टरांनी आईचे गुडघे दाबून पाहिले आणि सांगितलं, "आता मांडी नाही, उकिडवं तर अजिबात नाही." आई हो म्हणाली आणि घरी येऊन खुरपं घेऊन बसली. संध्याकाळी उठता येईना. बाबांनी आणि मी दोन बाजूंनी धरून तिला ओटीवर आणलं. ती रडली नाही, आम्हालाच हसत होती. बाबा मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

खुरपायला दुसरं कुणी लावावं तर तेही तिला चालेना. एकदा मजूर बाई लावली होती, तिनं लव्हाळ्याबरोबर मोगऱ्याची कोवळी फूटही उपटली. लव्हाळा कुणाला माहीत नसेल तर सांगते. वरचं पातं तुम्ही कितीही उपटा, खाली मातीत त्याची गाठ शाबूत असते आणि आठ दिवसांत ते पुन्हा हजर. नको असलेल्या पाहुण्यालाही एवढा कोडगेपणा जमत नाही. बाजारचं तणनाशक मारावं म्हटलं तर विहीर हाताच्या अंतरावर, आणि तेच पाणी आम्ही पीत होतो. बाबांनी शेवटी स्पष्ट सांगितलं.

"यंदाचा वरीस बघतो. नाय जमला तर मोगरा काढून तटे केळी लावू. तुझे पाय जायला मी ठेवनार नाय."

 त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की हा मोगरा आपण वाचवायचा. कसा, ते अर्थातच माहीत नव्हतं.

त्याच वर्षी दिवाळीत आमच्या स्वयंपाकघरात ओटा बसवायचा होता. तोवर आई खालीच चुलीपाशी आणि मग स्टोव्हपाशी बसून रांधायची. गुडघ्यांमुळे उभ्याचा ओटा आला. दगड गोखिवऱ्याच्या एका कारखान्यातून आला आणि तो बसवायला राजस्थानातल्या बाडमेरकडचा एक कारागीर आला. उंच, सावळा, फार कमी बोलणारा. दगड कापताना त्याच्या अंगठ्याला चांगलीच जखम झाली. आई हळदीचा डबा घेऊन धावली, तर तो म्हणाला, "हल्दी रहने दो माताजी, मेरे पास है." खिशातून कापडी पुरचुंडी काढून त्यानं कसलातरी करडा-हिरवा चुरा पाण्यात कालवला आणि जखमेवर थापला.

मी विचारलं, हे काय?

"धमासो है बहनजी. हमारे उधर रेत में होता है. घाव पकता नहीं." मग थोडं थांबून, मी ऐकते आहे असं बघून त्यानं जोडलं, "और जहाँ ये फैलता है ना, उसके पास दूसरी घास कम ही उगती है."

त्या एका वाक्यावर मी पुढचं दीड वर्ष काढलं. जखम पिकू देत नाही, म्हणजे जंतू मारतं. शेजारी गवत उगवू देत नाही, म्हणजे तण मारतं. एम.एस्सी.च्या प्रबंधाला विषय हवाच होता आणि आईच्या वाफ्याला औषध हवंच होतं. एका दगडात दोन पक्षी, तेही दगड बसवणाऱ्याच्याच हातून, असं मी त्या वेळी बऱ्याच जणांना ऐकवलं. कुणी फारसं हसलं नाही.

प्रबंधाला मार्गदर्शन करणारे आमचे सर मूळ सोलापूरकडचे, राहायला तुळिंजला. माणूस सावध. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, धमासा आमच्याकडंही माळावर असतो. पण वाळवंटात शेजारी गवत उगवत नाही, ते पाणी नाही म्हणून. त्याचं श्रेय धमाशाला कशाला देतेस?"

"पण सर, बघायला काय हरकत आहे?"

"बघायला काहीच हरकत नाही. बघायच्या आधी ठरवायला आहे."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आणि विसरून गेले.

कारागीर होळीला गावी गेला आणि येताना खरंच एक पोतं घेऊन आला. आठ-दहा किलो वाळलेला धमासा, काटेच काटे, त्यात मधे मधे जांभळट फुलांचे सुकलेले ठिपके. पैसे घेईना. आईनं त्याला केळ्यांचा अख्खा घड दिला. मे महिन्यात मला परीक्षेसाठी मुंबईला मावशीकडे राहावं लागलं, तेव्हा पोतं आईच्या हवाली केलं आणि बजावलं, "ओल लागता कामा नये. बुरशी आली तर माझं वर्ष गेलं समज."

"माझ्या घरात वस्तूला कधी बुरशी आली हाय?" आई म्हणाली. खरंच कधी आली नव्हती.

जूनमध्ये मी परत आले तेव्हा पोत्यातला माल चार मोठ्या बरण्यांत भरून माळ्यावर ठेवलेला होता. कोरडा ठणठणीत. पानांवर बारीक पांढुरकी धूळ बसली होती. मला वाटलं वाळवंटातली असेल. मी तसाच मिक्सरमध्ये घालून त्याची पूड केली.

मग कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझे सुखाचे दिवस सुरू झाले. पुडीचा थोडा भाग जवळजवळ निर्भेळ अल्कोहोलमध्ये भिजवून त्याचा अर्क काढला, थोडा नुसत्या पाण्यात. ऑफिसात कागदाला भोकं पाडायचं यंत्र असतं ना, त्यानं गाळणकागदाच्या टिकल्या पाडायच्या, अल्कोहोलच्या अर्कात बुडवून वाळवायच्या आणि काचेच्या तबकडीत वाढवलेल्या जंतूंवर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं. जखमेत पू करणारा जो जंतू असतो त्याच्या पांढुरक्या थरात माझ्या टिकलीभोवती शर्टाच्या बटणाएवढा स्वच्छ गोल पडला होता. नुसत्या अल्कोहोलच्या टिकलीभोवती काही नाही. मी एकटीच होते, तरी टाळ्या वाजवल्या.

तणाचा प्रयोग तर त्याहून भारी झाला. काटेमाठाचं बी ओल्या कागदावर पसरलं. एका तबकडीत साधं पाणी, एकीत धमाशाचा पाण्यातला अर्क. पाण्यातलं बी चौथ्या दिवशी हिरवं झालं. अर्कातलं एकही नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले, एकही नाही! सरसुद्धा तबकडी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "जरा जास्तच चांगलं आहे. पुन्हा कर. आणि प्रयोगशाळेच्या बाहेर काढू नकोस अजून. बाहेर काढशील तेव्हा निम्म्या जागेवर नुसतं पाणी घाल, म्हणजे फरक कशानं पडला ते कळेल."

उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी माझी गत. पाऊस संपला, दिवाळी आली, मोगऱ्याच्या वाफ्यांत तणानं डोकं वर काढलं आणि आई खुरप्याकडे बघायला लागली. मला दम धरवेना. मी बादल्या भरभरून अर्क केला आणि झारीनं चारही वाफ्यांत घातला. निम्म्या जागेवर नुसतं पाणी घालायची मला काय गरज? सगळा मोगरा आईचा होता आणि सगळाच वाचवायचा होता.

तीन आठवड्यांत वाफे साफ झाले. नवं बी उगवेना, उगवलेलं मान टाकायला लागलं, लव्हाळ्याचीसुद्धा टोकं पिवळी पडली. आई विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहायची आणि नुसती बघत राहायची. गल्लीत दिसेल त्याला सांगायची, "माझ्या पोरीचा औषध हाय. वालवंटातल्या झाडाचा." मी कॉलेजला गेले की स्वतः उभ्यानं तांब्या-तांब्यानं घालायची. मला राग यायचा, प्रमाण चुकेल म्हणून. पण तिचा चेहरा बघून काही बोलवत नसे. खरं सांगायचं तर मला फार अभिमान वाटत होता. अजून पंचविशीही गाठली नव्हती आणि मी आईचं दुखणं हरवलं होतं.

मार्गशीर्षात मोगऱ्याच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मी म्हटलं, थंडी असेल. मग पानं गळायला लागली. वाफ्यात तण नव्हतं हे खरं, पण आता काहीच नव्हतं. मधल्या दोन वाफ्यांतली झुडपं नुसत्या काटक्या होऊन उभी राहिली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

बाबांची एक सवय होती. आमच्याकडच्या बऱ्याच वाडीवाल्यांना ती आहे, किंवा होती. टँकरवाले विहिरी उपसायला लागल्यापासून वैशाखात समुद्राचं पाणी जमिनीखालून आत यायची भीती असायची. म्हणून बाबा उन्हाळ्यात रोज सकाळी विहिरीचं पाणी तळव्यावर घेऊन जिभेला लावायचे. पाणी गोड आहे कळलं की मगच चहा. त्या दिवशी ते मोगऱ्याच्या वाफ्यात वाकले, चिमूटभर माती घेतली आणि जिभेवर ठेवली. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"खारा," ते म्हणाले.

मग ते जवळजवळ पळतच विहिरीवर गेले. बादली ओढली, पाणी चाखलं, पुन्हा चाखलं. विहीर गोड होती. पानवेलीखालची माती चाखली, केळीखालची चाखली. सगळी गोड. सगळ्या वाडीत फक्त आईचे चार वाफे खारट. बाबा माझ्याकडे बघायला लागले आणि मी झारीकडे.

मी माळ्यावर चढले, शेवटच्या बरणीत उरलेली पूड बोटावर घेऊन जिभेला लावली. धमासा कडू असतो. ही पूड कडू होती आणि त्याच्या दुप्पट खारट होती. इतकी वर्षं शास्त्र शिकून मला ती एकदाही चाखावीशी वाटली नव्हती.

आई ओट्यापाशी उभी राहून भाकऱ्या करत होती. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "आई, त्या धमाशाला तू काही लावलं होतंस का?"

"मीठ लावला होता ना," ती भाकरी उलटत म्हणाली. "बारीक कुटून, चांगला चोळून. चिंचेला लावतो तसा. तूच बोललीस ना बुरशी नको? तीन-चार किलो लागला. मिठागरावरचा चांगला मीठ."

आमच्याकडे पावसाळ्याच्या आधी चिंच सोलून, मीठ चोळून, गोळे करून ठेवतात. वर्षभर हलत नाही. किनाऱ्यावरच्या कुठल्याही आईनं हेच केलं असतं. तिच्या जिवाला वाटलं पोरीचं वर्ष फुकट जाऊ नये, म्हणून तिनं ते पोतं चिंचेसारखं जपलं. आणि मी तेच मीठ बादल्यांनी तिच्याच मोगऱ्याच्या मुळाशी ओतलं होतं. थोडं तिनं स्वतःच्या हातानंही ओतलं होतं.

दारात बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं, वाडीत घेऊन गेले आणि म्हणाले, "तिला सांगू नको. मोगरा गेला तो गेला. आपल्या हातानं गेला हे कळला तर ती पुन्हा वाडीत पाय टाकनार नाय."

मला ते पटलं. प्रबंध इंग्रजीत होता, आई सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलेली, तिला कधी कळलंच नसतं. मी तिला सांगितलं, माझं प्रमाण चुकलं, औषध जास्त कडक झालं. निम्मं खरंच होतं ते. ती म्हणाली, "होते चूक. तू नको वाईट वाटून घेऊ."

पण तिनं त्यावर विश्वास ठेवला नव्हता. तिनं आपलं वेगळंच कारण शोधलं होतं. दोन-तीन आठवड्यांनी एका रविवारी मी उठले तर आई घरात नव्हती. ती मधल्या वाफ्यात उकिडवी बसली होती, एका हातात खुरपं, दुसऱ्या हातानं शेजारच्या नारळाचं खोड धरलेलं. कपाळावर घाम. मेलेल्या झुडपांभोवतीची माती सैल करत होती. मी ओरडलेच. मला राग आला की माझा आवाज वाडीच्या त्या टोकाला ऐकू जातो.

"काय चाललंय हे? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"अगो, मी हात काढून घेतला म्हनून तो रुसला," आई म्हणाली. "पंचवीस वरसा माझा हात लागत होता त्याला. आते नुसता औषध. झाडाला कळतो. थोडा माझा हात लागला तर येईल परत."

पुढे माझ्यानं ऐकवेना. मी त्या खारट मातीत तिच्या समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मीठ, चिंच, बरण्या, सरांनी निम्म्या जागेवर घालायला सांगितलेलं नुसतं पाणी, बाबांची जीभ, सगळं. सांगताना मीच रडत होते, त्यामुळे नीट सांगताही येत नव्हतं. तिनं दोनदा विचारलं, "म्हंजे मीठ? माझा मीठ?" मग तिनं खुरपं खाली टाकलं. मला वाटलं बाबांचं खरं ठरणार.

मग ती एकदम चिडली. मिठावर नाही, माझ्यावर.

"आनि तू मला आज सांगतेस? मी हप्ताभर अटे बसतंय, गुडघं फुटायला आलं, आनि घरात दोघांना माहीत? खारी माती खुरपून कय होनार हाय? पहिल्याच दिवशी बोलली असतीस तर त्याच दिवशी पानी सोडला असता!"

बाबा आवाज ऐकून आले आणि तिचा अवतार बघून दोन पावलं मागे सरले. आम्ही दोघांनी तिला उभं केलं. उभी राहिल्यावर तिनं आम्हा दोघांनाही आणखी थोडं बोलून घेतलं आणि मग म्हणाली, "विहिरीचा पाट इकडं वळवा." रडायला तिला वेळच नव्हता. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि मला कळलं की आम्ही तिला फार लेचीपेची समजलो होतो.

खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भात लावणारे लोक पावसानं मीठ धुऊन काढतात. बाबांनी तेच केलं. वाफ्याच्या कडेनं चर खणला आणि गोडं पाणी सोडून सोडून खारं पाणी बाहेर काढलं. विहिरीच्या कडेची तीन झुडपं, जिथं बादलीचं पाणी रोज सांडायचं, ती जगली होती. आईनं त्यांच्या काड्या करून प्लास्टिकच्या पिशव्यांत लावल्या.

मी तुळिंजला सरांच्या घरी गेले. सर पेपर तपासत होते. त्यांच्या पत्नीनं पोहे दिले, ते मी समोर तसेच ठेवले. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "सर, माझं वर्ष गेलं."

सरांनी लाल पेन खाली ठेवलं. "अल्कोहोलमध्ये मीठ किती विरघळतं?"

मला दोन क्षण लागले. "जवळजवळ नाहीच!"

"मग जंतूंचे प्रयोग शाबूत आहेत. अर्धं काम खरं आहे. रडायचं असेल तर उरलेल्या अर्ध्यासाठी रड. पण आधी पोहे खा." आणि मग शांतपणे म्हणाले, "वाफ्यात निम्म्या जागेवर नुसतं पाणी घातलं होतंस?"

मी मान खाली घातली. त्यांनी अधिक काही बोलून मला लाजवलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पाण्यातल्या अर्कात मीठ ओळखायचं रसायन दोन थेंब टाकलं, तर नासलेल्या दुधासारखा पांढरा चोथा झाला.

गोखिवऱ्याला जाऊन कारागिराला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. "माताजी ने धमासो का अचार बना दिया!" होळीनंतर त्यानं दुसरं पोतं आणलं. आईनं ते हातातसुद्धा घेतलं नाही. लांबूनच बोट दाखवून म्हणाली, "ते तुझा तू बघ." त्या वर्षी मी स्वतः बरण्या दर आठवड्याला उन्हात ठेवल्या.

बिनमिठाच्या धमाशाचा निकाल साधाच आला. काटेमाठाचं बी उगवलं, पण कमी उगवलं, उशिरा उगवलं, आणि मुळं आखूड राहिली. लव्हाळ्याच्या गाठींवर तर शून्य परिणाम. मी त्या अर्कात रात्रभर भिजवल्या, तरी चार दिवसांत त्यांनी कोंब काढले. मला फार वाईट वाटलं. सर म्हणाले, "छोटं आहे, पण खरं आहे. यावर आता पाय ठेवून उभं राहता येतं."

मी घरी येऊन हे सगळं आईपुढे ओकले. धमासा बी अडवतो, गाठ अडवत नाही. आणि आपल्या जमिनीत तर लव्हाळ्याच्या गाठीच गाठी. मग उपयोग काय? आई ओट्यावर भाजी चिरत होती. 

"अटे उभी राहून मी सगळा करतंय," ती म्हणाली. "मोगरापन ओट्यावर लाव. जमिनीतली माती नकोच. चाळलेली माती घाल, म्हंजे गाठी येनार नाय. मग बीच तेवढा येईल, तो अडवेल तुझा धमासा."

 दोन वर्षं मी जमिनीवरचं तण मारायच्या मागे होते. जमीनच वर उचलावी, हे मला सुचलं नव्हतं, सरांना सुचलं नव्हतं. बाबांनी चिरे आणले आणि विहिरीमागे कमरेएवढ्या उंचीच्या दोन लांब पेट्या बांधल्या. वाळू चाळायच्या चाळणीनं सगळी माती चाळली, गाठ न् गाठ वेचून बाहेर. त्यात आईच्या पिशव्यांतल्या काड्या लावल्या. मोगरा काडीपासून येतो, बीपासून नाही, म्हणून त्याला धमाशाची भीती नव्हती. केळी लावायची भाषा बाबांनी पुन्हा काढली नाही.

प्रबंधात मी मिठाचं प्रकरण पूर्ण लिहिलं, चिंचेसकट. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, हे टाळता आलं नसतं का? मी म्हटलं, टाळता आलं असतं, पण घडलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. पदवी मिळाली. पुढे मी शिक्षिका झाले, शास्त्रज्ञ नाही, आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

तिसऱ्या वर्षी त्या पेट्यांतून पहिली भरलेली करंडी निघाली. आई उभी राहून कळ्या खुडत होती, बाबा उगाचच आजूबाजूला घुटमळत होते. धमाशाचा अर्क आठवड्यातून एकदा घालायचं काम आता तिच्याकडे होतं. मी संध्याकाळी वही घेऊन जायची आणि ती सांगेल ते लिहायची. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ती दुसऱ्या पेटीच्या अर्ध्या भागात अर्क घालतच नाही.

"तिकडे का नाही घातलास?"

"तिकडे नुसता पानी," ती म्हणाली. "नायतर कळनार कसा, तन कोनामुळं गेला ते? तुझे सर बोलले होते ना? तू मागल्या वेळी तेच केला नाय."

मी वहीत दोन रकाने पाडले. बहुतेक आठवड्यांत अर्काच्या बाजूला तण कमी असायचं, आणि ते लिहिताना मला अजूनही आतून गुदगुल्या व्हायच्या. एका संध्याकाळी मात्र ती पेट्यांवरून हात फिरवत म्हणाली, "आज लिही, दोनी बाजूला सारखाच. कय फरक नाय."

"नीट बघितलंस? परवा पाऊस झाला, अर्क धुतला गेला असेल. पुन्हा एकदा बघ की."

"बघितला दोनदा." तिनं उपटलेलं तण माझ्यापुढे धरलं, एका मुठीत एका बाजूचं, दुसऱ्या मुठीत दुसऱ्या बाजूचं. "मग तुला वाईट वाटेल म्हनून दुसरा कय सांगू?"

मी वही उघडली आणि ती सांगत होती तसंच लिहिलं.